दोन्ही डोळे उघडे ठेवून

आबा, काल कार्ल्याच्या जत्रेतून आले आणि आज सकाळपासून तुमच्याशी भांडायचं मनात आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजसुद्धा नीट आठवत नाही, खोकला तेवढा आठवतो. पण भांडण राहिलं ते राहिलंच. माझी शाळा दुसरीत सुटली, पुढं म्हशी होत्या, तेव्हा काना-मात्रा चुकली तर चालवून घ्या. तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं.

आधी नातीचं सांगते, नाहीतर भांडण कशाचं ते कळायचं नाही. थोरल्याची मुलगी पुण्याला कॉलेजात आहे. उंच आहे, तुमच्यावर गेली आहे, आणि चहात साखर घेत नाही, ते कुणावर गेलं ते देव जाणे. तर तिच्या कॉलेजात मुलींना बंदूक चालवायला शिकवतात. खोटं वाटेल तुम्हाला. रीतसर कवायतीचे मास्तर असतात आणि नेम चुकला तर कुणी ओरडत नाही. ती मागच्या आठवड्यात लोणावळ्याला घरी आली ती तोंड पाडूनच. मी भाकरीचं पीठ मळत होते. म्हणाली, "आजी, सगळ्या मुलींच्या गोळ्या मधे लागतात. माझ्या एकटीच्या डावीकडं जातात." माझा हात पिठातच थांबला. आबा, हे वाक्य माझं होतं. ते हिच्या तोंडात कसं आलं?

बेडशाच्या डोंगराखालचं आपलं शेत मला अजून झोपेतसुद्धा दिसतं. भात पोटरीला आलं, दाण्यात दूध भरलं, की डोंगरातून डुकरं उतरायची. राखणीसाठी तुमच्याकडे ती ठासणीची बंदूक होती, वरून दारू भरायची, चिंधी कोंबायची, शिशाची गोळी सोडायची, गजानं ठासायची. त्या वर्षी तुमच्या हाताला कंप सुटला. मुलगा नाही, थोरली बहीण दिलेली. उरले कोण, तर मी. आई म्हणाली, "पोरीच्या हातात बंदूक दिली तर उद्या सोयरीक कोण करंल?" तुम्ही म्हणालात, "डुकरं काय सोयरीक बघून येत्यात व्हय?" मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी म्हशी पाण्यावर न्यायच्या राहिल्या, आणि त्याबद्दल मार खाल्ला तो वेगळाच.

ओढ्याच्या दरडीला वाळकी गोवरी टेकवायची आणि तिच्यावर नेम धरायचा. तुम्ही माझ्या मागं उभे. "दोन्ही डोळं उघडं ठेव," म्हणालात. "एक डोळा मिटून मारतो त्यो भित्रा. अर्धं रान मिटलं तर डुक्कर कुठनं दिसंल?" तुम्ही जन्मभर तसंच मारलेलं, आणि तुमचं कधी चुकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मी दोन्ही डोळे उघडे ठेवले. बंदुकीच्या तोंडावरची माशी, म्हणजे नेमाचा तो लोखंडी दाणा, नीट गोवरीवर बसवली. चाप ओढला. धूर विरला तरी गोवरी तशीच, आणि हातभर डावीकडं दरडीची माती उडालेली. परत भरलं, परत डावीकडं.

"खांदा चोरतीस तू."

"न्हाई आबा, चोरत न्हाई."

"मग गोळीचं काय म्हायेर हाय का तिकडं?"

तेव्हा मला हसायला आलं होतं. पुढं पुढं येईना. तुम्ही दारू कमी घालून पाहिली. डाव्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या धरून बांधावर उभं केलंत, थेंब सांडला की पुन्हा पहिल्यापासून. आईनं खांद्याच्या काळ्यानिळ्या डागावर हळद लावली, डोळ्यात कांद्याचा रस पिळला, की नजर साफ होईल. नजर साफच होती आबा, मला दरडीवरची मुंगी दिसत होती. चुलत्याचा थोरला बांधावर बसून बघायचा. त्याचं शेत आपल्या डाव्या हाताला. तो म्हणायचा, "काका, हिला तुमच्या शेतावर बसवा. माझ्या शेतातली डुकरं मरतील." तुम्ही त्याला हसलात, मला नाही.

मग मी माझी युक्ती काढली. गोळी हातभर डावीकडं जाते तर आपण हातभर उजवीकडं धरायचं. धरलं आणि गोवरीचे तुकडे झाले. दुसरी फुटली, तिसरी फुटली. तुम्ही मला शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसायला तुमची स्वतःची घोंगडी दिलीत. आईला ती घोंगडी तुम्ही कधी दिली नव्हती.

तो पहाटेचा उजेड आठवतो, धड पांढरा नाही, धड काळा नाही. मादी पिलं घेऊन लांबच्या बांधाशी घुसली होती. गोवरीपेक्षा दुप्पट अंतरावर असेल. मी सवयीनं हातभरच उजवीकडं धरलं. आज कळतं, दुप्पट लांब म्हणजे दुप्पट चूक. तेव्हा कोण सांगणार? तिच्या डाव्या अंगाला चिखल उडाला आणि ती सगळं भात तुडवत, पिलांना घेऊन निघून गेली.

"का हललीस?"

"हलले न्हाई, आबा."

"मग लागली का न्हाई?"

तुम्ही हातातनं बंदूक घेतलीत, माळ्यावरून उतरलात आणि सरळ चुलत्याच्या घरी गेलात. परत आलात ते मोकळ्या हातानं. आईला म्हणालात, "हिला यायचं न्हाई. अंग चोरती." मी चुलीपाशीच होते.

पुढं थोड्या दिवसांनी चुलत्याच्या थोरल्याच्या हातून डुक्कर पडलं. आपल्याकडची रीत अशी की मुंडी मारणाऱ्याच्या घरी जायची आणि बाकीचे वाटे गावाला. आपल्याला सगळ्यांसारखा वाटा आला. तुम्ही मान वर न करता जेवलात. मी नुसता भात खाल्ला. वैशाखात मला वडिवळ्याला दिलीत, आणि माझा थोरला पोटात असताना तुम्ही गेलात. म्हणजे मी अंग चोरणारी, हेच मनात धरून गेलात की नाही?

आता नातीचं पुढचं ऐका. तिच्या मास्तरांनी तिला सांगितलं की काही माणसं कामाला उजवा हात घालतात, पण त्यांच्यात मालकी डाव्या डोळ्याची असते. नेम धरताना तो डोळा मधे घुसतो आणि नळी त्याच्या बाजूला वळते. तिनं मला करून दाखवलं. दोन्ही हात लांब धरायचे, तळव्यांच्या मधे लहानसं भोक ठेवायचं, त्यातून लांबचं काहीतरी बघायचं आणि बघत बघत हात तोंडाजवळ आणायचे. ज्या डोळ्यावर येतील तो मालक. पिठाच्या हातांनी मी भिंतीवरच्या कॅलेंडरातला गणपती धरला. हात आले ते थेट डाव्या डोळ्यावर. गालाला पीठ लागलं. मी अशी हसत सुटले की सून आतून धावत आली, तिला वाटलं मला काही झालं. मग मी कुणाला सोडलं नाही. सून उजवी, मुलगा उजवा. दूधवाल्याला दारात उभं केलं तर तो म्हणतो, "मावशी, आधी दूध घ्या, मग डोळं बघा." तोही उजवाच निघाला. घरात आम्ही दोघीच डाव्या. दिवसभर मला गुदगुल्या झाल्यासारखं होत होतं.

हसू ओसरल्यावर राग आला, तो अजून गेलेला नाही. आबा, तुमच्या डोक्याला एवढं मोठं मुंडासं होतं. त्यातली एक चिंधी फाडून माझ्या डाव्या डोळ्यावर बांधायची होती, एवढंच काम होतं. डुक्कर कुठल्या वाटेनं येणार, वारा कधी फिरणार, चिखलातला पाय कालचा की आजचा, सगळं तुम्हाला कळायचं. पोरगी कुठल्या डोळ्यानं बघते ते कळलं नाही. कळणार कसं, तुम्ही कायम माझ्या मागं उभे. एकदा पुढं येऊन माझ्या तोंडाकडं बघितलं असतंत तर. पण बंदुकीच्या पुढं कोण उभं राहील, तेही खरंच. अशी मीच तुमची बाजू घेते आणि मलाच चीड येते. तुम्हाला जे येत होतं ते जसंच्या तसं मला यायला हवं, नाही आलं तर मी लबाड. असं असतं का?

काल जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल होता, छऱ्याच्या बंदुकीचा. नातीनं कपाळावरची मोठी टिकली काढून माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटवली. म्हणे त्यांच्याकडेही अशीच काच झाकतात. स्टॉलवाला म्हणाला, "आजी, बंदूक जड हाय, पोरीला द्या." मी म्हटलं, "जड बंदूक कशी असती ते तुला म्हाईत न्हाई, भर छर्रा." माशी फुग्यावर बसवली. काय सांगू आबा, एकच माशी दिसली, स्वच्छ, मधोमध. लाल फुटला, पिवळा फुटला, मग बाया जमल्या, कुणी टाळ्या वाजवल्या, नात ओरडत होती, "आजी, वरचा, वरचा." वरचाही फुटला. तुम्ही म्हणत होतात यायचं नाही, ते आलं. अंग तेव्हाही चोरलं नव्हतं. हे तुम्हाला ऐकवायचं होतं, ते झालं. हा कागद पाठवायचा कुठं, कुठंच नाही. चुलीत घालावा तर आता घरात चूलही नाही.

एक राहिलं. शेवटच्या छऱ्याच्या वेळी चष्म्यावर टिकली नव्हती. नातीला मी सांगितलं, घामानं पडली. पडली नव्हती, मीच काढली होती. म्हटलं, एक बार आबा सांगायचे तसा मारून बघावा, इतक्या वर्षांनी जमलं तर जमलं. हिरवा फुगा होता. तो तसाच राहिला.