दारात बसणाऱ्याचं काम

आबा, तुमच्या निमोण्याच्या शेतासाठी मी धाकट्यावर दावा लावलाय. तुम्ही गेल्यावर त्यानं सातबाऱ्यावर एकट्याचंच नाव चढवलं आणि आता शेत कंपनीला विकायला निघालाय. राखी बांधायला गेले तेव्हा विचारलं, तर म्हणाला, "आक्के, ओवाळणी बी घेतीस, वर वाटणी बी पाहिजे व्हय?" राखी बांधली, ओवाळणी ताटातच ठेवली आणि सासरी परतायला दौंडची एसटी धरली.

शिरूरच्या कोर्टात मात्र माझा कागद खिडकीतूनच परत यायला लागला. कारकून म्हणाला, "सातबाऱ्यावर तुमचं नाव न्हाई. दावा घेता येत न्हाई." मी म्हटलं, "नाव न्हाई म्हणूनच तर आलेय." "मग नाव लागलं की या." वकीलसाहेब म्हणाले, ताई, वरच्या कोर्टात जाता येईल, पण हा तोंडी हाकलतोय, नकार लेखी हवा. तो काही लिहून देईना.

त्या खिडकीपुढे मला गावचं देऊळ आठवलं. तुम्ही पुजारी, आत गाभाऱ्यात. आत्या नैवेद्य घ्यायला दारात. मेंढरांमागची एक बाई बाजरीची भाकरी आणि कांदा घेऊन येते. आत्या म्हणते, "पुरणाचं न्हाई? मग घरी ने." बाई मुकाट वळते. तुम्ही ओल्या पंच्यात तसेच बाहेर येता, तिला हाक मारता आणि सगळ्यांदेखत आत्याला सुनावता, "देवाला चालतंय का न्हाई ते देव बघंल. दारात बसणाऱ्यानं ताट आत द्यायचं." आत्या पुढं कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलली नव्हती.

तेवढ्या बळावर पुढच्या खेपेला मी जपमाळ आणि भाकरी बांधून नेली आणि खिडकीसमोरच्या बाकावर नाम घेत बसले. कारकून वैतागला. "बाई, हे देऊळ हाय का?" "न्हाई. पण दारात तुम्ही बसलाय. परत धाडताय, तर तसं लिहून द्या." कोर्ट सुटायच्या वेळी त्यानं कागदामागं कारण खरडलं, सही ठोकली आणि म्हणाला, "घ्या, आता तरी उठा."

त्या एका ओळीवर वकील मुंबईला हायकोर्टात गेले. खर्च मी सणाच्या लुगड्यांसाठी साठवलेल्या पैशांतून काढला. निकाल आला, वकिलांनी समजावून सांगितला. बाईचा हक्क आहे की नाही हे न्यायाधीश बघतील. कचेरीनं दावा दाखल करून त्यांच्यापुढं ठेवावा. मला हसू आलं. तुम्ही आत्याला याहून थोडक्यात सांगितलं होतं.

आज त्याच खिडकीत दाव्यावर शिक्का पडला. विक्री थांबवायचा अर्जही सोबत दिलाय. भाऊ रागावलाय, रागावू दे. मी आता मागं सरत नाही. हरले तरी आत बसलेल्या माणसाकडून हरेन.

हे लिहिलेलं देव्हाऱ्याखाली ठेवते, धाडणार तरी कुठं. पण एक सांगते, आबा. शेत पोराचं, पोरीला सासर, असंच तुम्ही म्हणायचात. तुम्ही असतात आणि हक्क सोडल्याच्या कागदावर सही कर म्हणाला असतात, तर मी मुकाट केली असती.