पट्टीखालचा माणूस

९ मार्च १९९६

ती. अक्कांस, धाकट्या वहिनीचा नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मी वेळेवर जेवते, उगाच घोर लावून घेऊ नका. सोमवारपासून औषधाच्या दुकानातही जाते. मालकांनी मला काउंटरवर न ठेवता मागे बाटल्यांना लेबलं लावायला बसवलं आहे. तिथे कोणी विचारपूस करत नाही, ते बरं वाटतं.

संध्याकाळी ह्यांचं टेबल आवरते. मासिकातल्या त्यांच्या सदरासाठी लोकांनी पाठवलेले जुन्या विमानांचे फोटो अजून अकरा उरले आहेत. ते ज्याचे त्याला परत करायचे आहेत. तुम्ही ‘पत्र्याचे पक्षी’ म्हणून त्यांना चिडवायचात, पण त्या कामाला एक शिस्त होती. पाकीट मी फोडायची. फोटोतल्या माणसांवर काळ्या कागदाची पट्टी मी डकवायची आणि सोबतचं पत्र न वाचता, घडी करून मागे टाचायची. ह्यांचं म्हणणं असं की माणसं दिसली की नजर तिकडेच जाते, आणि पत्र वाचलं की डोकं भलतीकडे धावतं, कारण आपल्या काकांनी कुठलं विमान चालवलं हे लोकांना हमखास चुकीचं आठवतं. आधी पंख, चाकं, शेपटी बघून विमान ओळखायचं, कार्डावर लिहायचं, आणि मगच पट्टी काढायची.

परवा एक फोटो हाती आला. कार्ड पुरं लिहिलेलं, तारीख हे गेले त्याच्या आदल्या दिवसाची. पट्टी मात्र तशीच होती. ओल्या बोळ्याने ती मी काढली. विमानापुढे चार मेकॅनिक उभे आहेत. त्यांतले तिसरे मामंजी आहेत.

आमच्या भिंतीवरच्या फोटोत आहेत तेच. डाव्या भुवईत तीच खाच, कान ह्यांच्यासारखेच बाहेर आलेले. फोटोच्या मागे शाईने चार नावं आहेत. तिसरं त्यांचंच, आडनावासकट.

मामंजी बावन्न साली विमान कोसळून गेले, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. ह्यांच्या कार्डावर लिहिलं आहे, “या विमानाची शेपटी आधी टोकेरी होती. सत्तावन्न साली ती गोल केली. फोटोत गोल आहे. फोटो सत्तावन्नच्या आधीचा असूच शकत नाही.”

ह्यांचं चुकलं असावं असं वाटून मी त्यांची पुस्तकं काढून स्वतः ताडून पाहिलं. चुकलेलं नाही. काल दुकानात दोन लेबलं उलटी लावली. पट्टी मीच कापली होती, अक्का. ती डकवताना चेहऱ्याकडे पाहिलंही नव्हतं.

तुम्हाला यातलं काही माहीत आहे का? असलं तर कळवा. माया आहेच.

तुमची,
वहिनी

१८ मार्च

प्रिय वहिनी, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दूध उतू जाऊन शेगडी विझली तेही कळलं नाही.

मला माहीत होतं. बाबा विमान कोसळून गेले नाहीत. एका सकाळी कामाची पेटी घेऊन निघाले आणि परत आले नाहीत. महिन्याभराने त्यांची चिठ्ठी आली. आईने ती वाचून चुलीत घातली आणि मला सांगितलं की आजपासून बाबा अपघातात गेले, कोणी विचारलं तर हेच सांगायचं. मी अकरा वर्षांची होते. शेजारच्या काकूंना मी हे इतकं बेमालूम सांगितलं की त्यांनीच मला जवळ घेतलं.

आमचा चष्म्या, म्हणजे तुझा नवरा, तेव्हा सहाचा. तो रडला नाही. त्याने फक्त विचारलं, कुठलं विमान होतं? मला एकही विमान ठाऊक नव्हतं. त्याने पिच्छा सोडला नाही, तेव्हा मी पाटीवर एक काढून दाखवलं. एकावर एक असे दोन पंख, तीन इंजिनं, गोल खिडक्या. मनात आलं तसं काढलं. त्याने पाटी आठवडाभर पुसू दिली नाही. पुढे तो विसरला असं मी धरून चालले. निदान आई गेल्यावर तरी सांगायला हवं होतं. तेव्हा वाटलं, आता कशाला.

फोटो पाठवणाऱ्यांना विमानाचं नाव आणि साल तेवढं कळवून टाक. त्यापलीकडे काही लिहू नकोस, एवढं माझं ऐक.

तब्येतीची हेळसांड करू नकोस.

अक्का

३ एप्रिल

ती. अक्कांस, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला.

ते विसरले नव्हते. कपाटाच्या वरच्या फळीवर एक खोका आहे, त्यावर ‘बाबांचं’ असं लिहिलं आहे. मी त्याला कधी हात लावला नव्हता. तुमचं पत्र आल्यावर उघडला. आत कार्डंच कार्डं आहेत. प्रत्येकावर एक विमान आणि खाली शेरा. “तीन इंजिनं, पण खिडक्या चौकोनी. हे नाही.” “खिडक्या गोल, पण पंख एकच. हे नाही.” अशी दोनशे बारा आहेत. सगळ्यांत जुनं कार्ड शाळकरी अक्षरात आहे. शेवटचं दिवाणखान्याच्या गेल्या रंगकामाच्या वेळचं, त्यावर रंगाचा ठिपका आहे.

लोकांना हे छंद म्हणून सांगायचे. मीही तसंच सांगायची. माझा नवरा चव्वेचाळीस वर्षं तुमच्या पाटीवरचं विमान शोधत होता, हे वाचून मला तुमचा राग आला. अजून आहे. तुम्ही अकरा वर्षांच्या होतात हेही मला दिसतं, पण पुढे तुम्ही पंचावन्न वर्षांच्याही झालात.

त्या पाकिटातलं पत्रही वाचलं. लिहिणारी बाई ग्रंथपाल आहे, वय अडतीस. तिसरा माणूस तिचे वडील. ती नऊ वर्षांची असताना ते तापाने गेले. मला आगेमागे कोणी नाही असं ते सांगत, म्हणून तिनेही कुणाचा शोध घेतला नाही. तिच्याकडे त्यांचा हा एकच फोटो आहे. विमान कुठलं हे समजलं तर ते कुठे नोकरीला होते ते शोधता येईल, आणि तिथे कोणी त्यांना ओळखणारं भेटेल, असं तिला वाटतं.

विमानाचं नाव आणि साल कार्डावर आहे. तेवढंच लिहून पाठवणं माझ्याच्याने होणार नाही. ह्यांच्या सहीखाली मी अर्धं उत्तर देणार नाही. म्हणून फोटो, कार्ड आणि तिचं पत्र, तिन्ही तुम्हाला पाठवते आहे. लिहायचं की नाही, काय लिहायचं, ते आता तुमच्याकडे.

ह्यांना मरेपर्यंत कळलं नाही. पट्टी डकवलेलीच होती आणि पत्राची टाचणीही काढलेली नव्हती. ते बरं झालं की वाईट, हे मला ठरवता येत नाही.

उन्हात फिरू नका.

वहिनी

२१ एप्रिल

सप्रेम नमस्कार.

तुमच्या-माझ्यात ओळख नाही, म्हणून मायना काय लिहावा ते कळेना.

तुम्ही मासिकाकडे पाठवलेला फोटो माझ्या भावाने पाहिला. तीन फेब्रुवारीला त्याने विमान ओळखलं आणि चार तारखेला तो अचानक गेला. त्याचं कार्ड सोबत आहे. त्यावर विमानाचं नाव, साल आणि ओळखण्याची खूण आहे. त्याचं सहसा चुकत नसे. तुमचा फोटोही सुखरूप परत करते आहे.

त्यातल्या तिसऱ्या माणसाला ओळखणारं कोणी भेटेल का, असं तुम्ही लिहिलं आहे. मी ओळखते. ते माझेही वडील. बावन्न साली ते आम्हाला सोडून गेले. आम्ही ते वारले असं सांगत आलो, आणि माझा भाऊ तेच खरं मानून गेला. ते खोटं त्याला मी सांगितलं होतं. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

तुम्हाला धक्का बसेल. मला बसला आहे. उत्तर दिलं नाहीत तरी मी समजेन.

त्यांची खाच पडलेली भुवई कशामुळे तशी झाली, त्यांना गोड आवडायचं का, ते चिडले की काय म्हणायचे, हे सगळं मला ठाऊक आहे. भावाने किती वेळा विचारलं, मी आठवत नाही म्हणायची.

विमानाबद्दल आणखी काही विचाराल तर आता सांगणारं कोणी नाही. बाकीचं मला विचारा.

तुमची,
थोरली बहीण