जोशी सरांच्या बाह्यांवरची धूळ

मंगळवार, संध्याकाळ. अकोला, होस्टेल.

आज वर्गात आरक्षणावरून वाद पेटला. मागचा एक जण म्हणाला, "कोनाची तरी जागा जातेच ना." मी गप्प. का? मृणाल आठवली म्हणून. मोर्शीची माझी मैत्रीण. मार्क माझ्याहून जास्त, पण खुल्या यादीत तिची इथली जागा हुकली.

आणि माझी जागा टिकली ती तिच्या बाबांमुळे. जात पडताळणीला माझ्या आजोबांची शाळेतली नोंद हवी होती आणि जुनं रजिस्टर सापडत नव्हतं. तिचे बाबा, जोशी सर, त्याच शाळेचे मुख्याध्यापक. मृणालचं नाव यादीत नाही हे तोवर त्यांना कळलेलं होतं, तरी दोन दिवस त्यांनी कपाटं उपसली. आजोबांच्या नावापुढे 'माळी' लिहिलेलं पान दाखवलं, तेव्हा त्यांच्या पांढऱ्या बाह्या धुळीनं कोपरापर्यंत काळ्या झालेल्या. आभार मानायचं सुचलंच नाही. मी त्या बाह्यांकडेच बघत राहिले.

आत्ता मृणालला फोनवर सगळं सांगितलं. ती चिडलीच. "तू काहून गप बसली? बाबानं दोन दिवस धूळ खाल्ली, ते तून मान खाली घालावी म्हून का?"

उद्या वर्गात बोलणार. त्या बाह्यांपासूनच सुरू करीन.