चौथी फुली

शारजा, १२ नोव्हेंबर १९६४

आज ऑफिसातल्या गोऱ्या साहेबांशी खोटं बोललो. सरळ तोंडावर.

विलायतेत त्यांच्या गावाभोवती डोंगरातून सायकलीने फिरायच्या वाटा आहेत. त्यांचा जुना नकाशा फाटत आला म्हणून मला पातळ कागदावर ट्रेस करायला दिला होता. त्यावर पेन्सिलीच्या चार फुल्या होत्या. मला वाटलं, कुणीतरी गिरगटलंय. विचारायचं सोडून मूळ कागदच खोडरबराने साफ केला, वर शाबासकीची वाट बघत उभा!

साहेबांनी कागद उजेडात धरला. "दाऊद, इस पर कुछ निशान थे?"

"नो सर."

इतकं पटकन कसं निघालं तोंडातून?

मग त्यांनीच सांगितलं. मेमसाहेब गेल्या साली वारल्या. चढावर दमून जिथे जिथे उतरायच्या, तिथे हसत नकाशावर फुली मारायच्या. घाटात सायकल ढकलत मीही चढलोय, तरी सुचलं नाही मला!

साहेबांनी आठवून तीन फुल्या काढल्या. चौथी काही केल्या आठवेना. माझ्याकडे बघितलं. मी पेन्सिलीला टोक काढत राहिलो.

ती चर्चपुढच्या वळणावर होती. तिथेच सगळ्यात जोरात घासावं लागलं होतं.