प्रश्न सातवा : घरात निर्णय कोण घेतं?

ती. आत्या,

तुझ्या पायांना लांबूनच नमस्कार. (गुडघे दुखत असतील तर आशीर्वाद बसूनच दे, उठू नकोस.) ब्लडप्रेशर कसं आहे? गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर यावरून तुझं आणि डॉक्टरांचं जे चाललं होतं, त्यात शेवटी कोण जिंकलं? तूच जिंकली असशील, त्याबद्दल मला शंका नाही. डॉक्टर बरे आहेत ना, एवढं कळव. इकडे सगळं ठीक आहे असं पत्रात लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तसं ठीकच आहे. म्हणजे मी ठीक आहे. मी ज्या घरात भाड्याने राहतो ते घर मात्र मध्यंतरी बंद पडलं होतं आणि ते माझ्यामुळे पडलं होतं.

तू मागे विचारलं होतंस की हा मुलगा नक्की शिकतो काय, शेजारपाजारी विचारतात त्यांना काय सांगू. आत्या, मलाही ते कुणी सांगितलं तर बरं होईल. आमच्या केंद्राच्या पाटीवर 'विकसनशील प्रदेशाचे राजकारण, अर्थकारण आणि संस्कृती' असं लिहिलंय. पाटी एक आणि खोल्या तीन. पहिल्या खोलीत राजकारणवाल्या बाई, ज्या माझ्या मार्गदर्शक आहेत. दुसरीत अर्थकारणवाले सर. तिसरीत संस्कृतीवाले सर. तिघांच्या भिंतीवर एकाच प्रदेशाचे तीन वेगळे नकाशे आहेत. बाईंच्या नकाशात आमची गल्ली प्रदेशात येते. अर्थवाल्यांच्या नकाशात प्रदेश अलीकडच्या नाल्यापाशीच संपतो (नाल्यापलीकडचा माल म्हणे दुसऱ्या बाजारात जातो). आणि संस्कृतीवाल्यांच्या नकाशात हद्दच नाही, नुसता फिकट रंग पसरत गेलाय, आणि आमची गल्ली कुठे असं विचारलं की ते हात हवेत गोल फिरवतात. तेव्हा मी ज्यांच्या घरात राहतो ते मास्तर विकसनशील आहेत की नाहीत, हे मला अजून समजलेलं नाही. दुपारी घाम पुसत मशीनवर बसले की थोडेसे वाटतात. संध्याकाळी वीजबिलावर बोलायला लागले की भलतेच पुढारलेले वाटतात.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान: एक मशीन, एक लांब फळी, कोळशाची इस्त्री आणि दोरीवर उलटे टांगलेले शाळेचे गणवेश. मागे स्वयंपाकघर, तिथे काकू काज-बटणं करतात, आणि माळ्यावर मी. त्यांची एकच मुलगी आहे. हुशार, तोंडाने फटकळ, आणि माझ्याकडे उपद्रवी प्राण्याकडे बघावं तसं बघणारी. हे घर कसं चालायचं ते सांगतो, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातच आहे. काकू भाजी चिरता चिरता म्हणायच्या, "टाकी गळतेय." मास्तर दोरा ओवता ओवता म्हणायचे, "बघू." झालं. दोन-चार दिवसांत टाकी बदललेली असायची. कुणी ठरवलं, कुणाला विचारलं, कुणी माणूस बोलावला, काही पत्ता नाही. मास्तरांच्या 'बघू'त होकार किती आणि नकार किती हे काकूंना बरोबर कळायचं आणि काकूंच्या गप्प बसण्यात काय आहे ते मास्तरांना. इतकी वर्षं त्यांचं असं सुरळीत चाललेलं. तेवढ्यात मी आलो.

बाईंनी आम्हाला एक प्रश्नावली दिली होती आणि ज्या घरात राहता तिथूनच सुरुवात करा म्हणाल्या होत्या. पहिले सहा प्रश्न सोपे: घरात माणसं किती, पाणी कुठून येतं, असले. सातवा प्रश्न: 'घरात निर्णय कोण घेतं?' मी तो मास्तरांना विचारला. मास्तर भिडस्त माणूस. शिकल्यासवरल्या पोरासमोर 'मी घेतो' म्हणायचं म्हणजे बढाई, म्हणून हसून म्हणाले, सगळं हीच बघते. मी आत जाऊन काकूंना विचारलं. काकूही भिडस्त. नवऱ्याला कमीपणा नको म्हणून म्हणाल्या, सगळं यांच्याच हातात आहे बाबा. मी दोन्ही उत्तरं इमानदारीने लिहून नेली. बाई म्हणाल्या, हे परस्परविरोधी आहे, एका घरात दोन उत्तरं चालत नाहीत, दोघांना समोरासमोर बसवून विचारा. आत्या, मी तेव्हाच आजारी पडायला हवं होतं.

बसवलं समोरासमोर. विचारलं. दोघांना एकमेकांची उत्तरं कळली. आधी दोघं हसले. मग काकू हसायच्या थांबल्या. "म्हणजे हे दुकान मोठ्या रस्त्यावर न्यायचं राहिलं, ते मी ठरवलं होय?" मास्तर म्हणाले, "आणि वरची खोली तोडून माळा करायचं काम तुझ्या भावाला दिलं, ते मी?" (तो माळा म्हणजे माझीच खोली. ताठ उभं राहता येत नाही.) पण भांडण झालं नाही गं, भांडले असते तर बरं झालं असतं! दोघंही भयंकर सौजन्याने वागायला लागले. मास्तर म्हणाले, यापुढे तूच ठरव. काकू म्हणाल्या, छे छे, तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलेय? आणि त्या क्षणापासून त्या घरात पानसुद्धा हलेना.

सकाळी भाजी कोणती करायची हे काकू मास्तरांना विचारायच्या, मास्तर म्हणायचे तू ठरवशील ती. मग भाजीच व्हायची नाही. आम्ही भात आणि काहीतरी असं खायचो, त्यातलं 'काहीतरी' बहुतेक वेळा नसायचं. गिऱ्हाईक यायचं, कॉलर गोल ठेवू की टोकदार असं मास्तर आत ओरडून विचारायचे. आतून उत्तर यायचं, दुकान तुमचं आहे. शाळा उघडायच्या तोंडावर दोरीवर बिनकॉलरचे शर्ट लटकत होते. इस्त्री तापवायची का, दिवा लावायचा का, मांजराला आत घ्यायचं का, प्रत्येक गोष्टीला "तुम्ही म्हणाल तसं" आणि "तू म्हणशील तसं". मांजर उंबऱ्यावरच बसून राहिलं. मी म्हटलं, मी ठरवू का? तर दोघंही एका सुरात म्हणाले, नको नको, तुम्ही निरीक्षक.

इथवर मला वाटत होतं की चार दिवसांत निवळेल. पण मग मुलीचं निघालं. तिला लांबच्या शहरात प्रयोगशाळेच्या कामाच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. रक्त तपासणं, काचेखाली बघणं वगैरे. त्यासाठी तिने वर्षभर गल्लीतल्या दवाखान्यात बाटल्या धुतल्या होत्या. येणार की नाही हे शुक्रवारपर्यंत कळवायचं, नाही कळवलं तर जागा दुसऱ्याला. एरवी काय झालं असतं? मास्तर म्हणाले असते 'बघू', काकूंनी ट्रंक पुसायला घेतली असती, संपलं. आता एवढी मोठी गोष्ट! एकुलती पोर घर सोडून जाणार! आपण हो म्हणावं आणि उद्या तिकडे काही बरंवाईट झालं तर ते आपल्या माथी. आपण नको म्हणावं तर पोर जन्मभर नावं ठेवील. आधी यांच्यातलं कुणीच ठरवत नसल्याने हे ओझं कुणाच्याच डोक्यावर नव्हतं. आता ते डोकं शोधत फिरत होतं आणि दोघंही आपापलं डोकं काढून घेत होते.

मुलगी माळ्यावर आली. वर येताना ती कधी ठोठावत नाही, त्या दिवशीही ठोठावलं नाही. म्हणाली, "आमच्याकडे कुणीच काही ठरवत नव्हतं, म्हणून सगळं होत होतं. कुणी सांगितली होती तुम्हाला ही नसती उठाठेव? माझी जागा गेली ना, तर तुमच्या त्या प्रश्नाला माझं नाव द्या." (मी 'आभारी आहे' म्हणालो. का म्हणालो, मला माहीत नाही. प्रश्नावलीच्या शेवटी ते म्हणायचं असतं.)

मी तसाच केंद्रात पळालो. बाईंना सांगितलं, काहीतरी करा, पोरीची जागा जातेय. बाईंचे डोळे चमकले. म्हणाल्या, ही सत्तेची पोकळी आहे, पुस्तकात नेहमी वाचतो पण अशी घरगुती बघायला मिळत नाही. मी म्हटलं, बाई, मी मध्ये पडू का? त्या म्हणाल्या, अजिबात नाही, निरीक्षकाने हात घालायचा नसतो. मग त्या स्वतःच बघायला आल्या. त्यांच्या मागून अर्थवाले सर आले आणि म्हणाले, ही पोकळीबिकळी काही नाही, श्रमविभागणी कोलमडलीय. संस्कृतीवाले सर म्हणाले, हे सौजन्य आहे, सौजन्य ही इथली सर्वांत जुनी संस्था आहे. तिघंही फळीवर ओळीने बसले. मास्तरांना कापड कापायला जागा उरली नाही, पण उठा म्हणायचं कुणी हे ठरेना, म्हणून तेही हात बांधून उभे. मग या घराचं प्रकरण कुणाच्या खोलीत जाणार यावर तिघांची बैठक बसली. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही! शेवटी अर्थवाले सर घड्याळ बघून म्हणाले, बघू. बाकीचे दोघं म्हणाले, हो, बघू. आणि निघून गेले. बैठकीत काय ठरलं हे मी टिपून घ्यायला बसलो होतो.

गुरुवारी सकाळी मी धीर करून मास्तरांना आणि काकूंना सांगितलं की वरून आदेश आलाय, सातवा प्रश्न रद्द झाला. (थाप होती. तुझ्याकडून शिकलोय, शाळेत तपासणी आली की तू अशाच थापा मारायचीस.) मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, पोरा, माप चुकीचं घेतलं तर पुन्हा घेता येतं, पण कापड एकदा कापलं की कापलं. काकू काहीच बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्याचा अर्थ आता मास्तरांनाही लागत नव्हता. मला इतकं वाईट वाटलं आत्या. दोन माणसं एका घरात राहून एकमेकांना परकी झाली होती, आणि ती मी केली होती.

दुपारी मुलगी बाहेरून आली. तिच्या हातात पांढरं कापड होतं. ते तिने मशीनवर ठेवलं आणि माप द्यायला उभं राहतात तशी, हात अंगापासून थोडे लांब धरून, बापासमोर उभी राहिली. मास्तरांनी कापडाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. प्रयोगशाळेत घालतात त्या कोटाचं कापड. मला वाटलं आता म्हणतील, आईला विचार. पण गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिल्यावर मास्तर आयुष्यात कधी नाही म्हणालेले नाहीत. त्यांनी गळ्यातली टेप काढली. खांदा मापला. मग पाठ, मग बाही. मनगटापाशी ते जरा थांबले. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "बाही जरा लांब ठेवा, तिकडे थंडी असते." मास्तर म्हणाले, "बरं." आतून पुन्हा, "आणि खिसे दोन्हीकडे." मास्तर म्हणाले, "घेतलेत." आणि मग काकू सुईदोरा घेऊन बाहेरच आल्या, बटणांचा डबा फळीवर ओतला आणि पांढरी बटणं निवडायला लागल्या. माप लिहून घ्यायला कुणी नव्हतं म्हणून मास्तरांनी मला सांगितलं. मी लिहिलं: खांदा, पाठ, बाही लांब, खिसे दोन. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी मुलीने कॉलेजला फोन करून येते म्हणून कळवलं आणि रात्री भाजी होती.

शनिवारी ती गेली. स्टँडवर मास्तर तिला म्हणाले, बटण तुटलं तर तिथल्या कुणाकडून लावून घेऊ नकोस, घेऊन ये. ती हो म्हणाली. परत येताना ते आणि काकू काहीच बोलत नव्हते, पण त्या गप्प बसण्याचा अर्थ दोघांनाही लागत असावा, कारण मध्येच दोघं एकाच वेळी वळून फळांच्या गाडीकडे गेले. बाईंनी मला विचारलं, शेवटी परवानगी दिली कुणी? मी म्हटलं, कुणीच नाही. त्या म्हणाल्या, असं होऊच शकत नाही, शक्यता एक, बाप. शक्यता दोन, आई. दोन्ही नसेल तर मुलगी. मी सातवी ओळ कोरी सोडलीय. त्यावरून नापास करतील बहुधा.

बाकी काही विशेष नाही. तब्येतीला जप. डॉक्टरांशी जरा नरमाईने घे.

तुझा,
भाचा

ता. क. : बाईंनी आता प्रत्येकाला स्वतःच्या घराचीही प्रश्नावली भरायला लावलीय. मी फोनवर बाबांना विचारलं, आपल्या घरात निर्णय कोण घेतं? ते म्हणाले, आत्याला विचार. आईला विचारलं, तीही म्हणाली, आत्यालाच विचार. तेव्हा तुला विचारतो. पण मेहेरबानी करून 'तुझ्या बाबांना विचार' असं उत्तर पाठवू नकोस. आपल्या घरात कोट शिवता येणारं कुणी नाही.

ता. क. २ : खरं लिहायचं होतं ते आत्ता आठवलं. (आठवलं कसलं, पहिल्या ओळीपासून टाळतोय.) केंद्र मला आणखी एक वर्ष ठेवून घ्यायला तयार आहे. इथे कुणालाच काही कळत नाही आणि मलाही कळत नाही, तरी मला राहावंसं वाटतंय. बाबांना वाटतं मी आता परत यावं. त्यांना हे विचारायचं नाही. तू एवढंच कर, संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला गेलीस की लोकर घेऊन विणायला बस आणि म्हण, "पोराला जाड स्वेटर लागेल, पुढच्या हिवाळ्यातही तिकडे थंडी असणारच." आणि पुढे काही बोलू नकोस. (तुला जड जाईल, माहीत आहे.)

ता. क. ३ : स्वेटरचं माप म्हणून सांगतो, मी बराच बारीक झालोय. बाबांना सांगितलंस तरी चालेल, पण आईला हे बिलकूल कळू देऊ नकोस. ती कुणालाही न विचारता पुढच्या गाडीने मला घेऊन जाईल.