त्या पुढाऱ्याचा सिनेमा पाह्यल्यावर

१५ मार्च २००९, सेलू

रविवार. कापडाचं दुकान बाबांवर सोडून दुपारी वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला, प्रफुल्लच्या खोलीवर. त्यानं पुण्याहून सीडी आणली. अमेरिकेतल्या एका पुढाऱ्याची खरी कहाणी. माणूस आम्हा दोघांसारखा, पुरुषावरच जीव असलेला. लपवलं नाही, तेच सांगून इलेक्शन लढला. पडला, परत उभा राह्यला, निवडून आला. शेवटी गोळ्या घातल्या.

इंग्रजी अर्धंच समजलं. प्र. रडला. माझा हात धरून बसला, खिडकी सताड उघडी. मीच उठून लावली.

१८ मार्च

प्र.चा फोन. "मी आईले सांगतो."

"काऊन? काय बिघडून राह्यलं आपलं?"

"घरात वाढलो, अन् घरच्यांले मी माहीतच नाई, गिरीश."

म्हटलं, तो अमेरिकेत होता, आपण सेलूत. "तिथंही मारलंच ना त्याले," म्हणे.

२३ मार्च

सेलूत घरी येऊन सांगितलं त्यानं. माझं नाव घेतलं नाही.

काकू, म्हणजे त्याची आई, देवघरात जाऊन बसल्या, जेवल्या नाहीत. त्याचा मोठा भाऊ सुरेश, त्यानं मारलं. उद्या नागपूरला डॉक्टरकडे नेणार म्हणे.

२ एप्रिल

डॉक्टर म्हणाला, लग्न करून द्या, सुधरते. बोरगावची खोली सोडायला लावली. मोबाईल सुरेशभाऊकडे. वर्ध्याच्या कॉलेजात शिकवायला भाऊ गाडीवर सोडतो, भाऊच आणतो. आज दुकानासमोरून गेले. प्र.नं मान वर केली नाही.

त्या सिनेमात लोकं रस्त्यावर उतरले होते. इथं मी गल्ला सोडून पायरीपर्यंत गेलो नाही.

२६ एप्रिल

प्र.च्या लग्नाचा बस्ता आमच्याच दुकानात. नवरी सिंदी मेघेची, जयश्री. हसरी. शालू खांद्यावर घेऊन मलेच विचारते, "दादा, हा रंग बरा दिसते का मले?" बरा दिसत होता. या पोरीनं कोणाचं काय बिघडवलं?

काकूंनी बाजूला घेतलं. "तू त्याच्या जिवाचा दोस्त. तूच समजाव त्याले, बाबू. तुझं ऐकते तो."

"हो काकू," म्हटलं.

प्र. गादीच्या कोपऱ्यात. निघताना सगळ्यांसमोर, "येतो गिरीश." बस्स.

 

११ मे

लग्न उद्या. दुपारी सुरेशभाऊ दुकानात, अंगाले हळद लागलेली.

"प्रफुल्ल आलता का इकडे?"

"नाई."

"खरं सांगजो."

खरंच नाही. हळद लागल्यावर प्र. आंघोळीले म्हणून गेला, मागच्या दारानं निघून गेला. भाऊ स्टँडवर पाहून आला. पोरं विहिरी पाहून राह्यले.

भाऊ गेल्यावर बाबा म्हणाले, "तो तुलेच काऊन विचारून राह्यला होता?"

म्हटलं, "शटर ओढा बाबा. सांगतो."

बाबांनी मीटरपट्टी उचलली. "गिऱ्हाईक आलं," म्हणाले, अन् समोर गेले.

दारात कोणी नव्हतं.