अँब्युलन्स नको, बस चालेल

न्युर्टिंगेन, जर्मनी
रविवार (म्हणून पेन हळू चालवतोय)

ती. आर्डिथताईस,

धाकट्या डेल्बर्टचा दंडवत. (मनातल्या मनात. डॉक्टरांनी सध्या उठाबशांना मनाई केली आहे. का, ते पुढे येईलच. तू लगेच घाबरू नकोस, घाबरायचं खातं मी सांभाळतोय.) तुझा गुडघा कसा आहे? मॅन्सफील्डला बर्फ पडला का? अंगणातला बर्फ तू स्वतः उपसत नाहीस ना? उपसत असलीस तर मला कळवू नकोस, मला सोसणार नाही.

तुझं पत्र पोचलं. घर विकून माझ्याकडे राहायला यायचं तुझ्या मनात आहे, म्हणून ओहायोतला खर्च आणि इथला खर्च समोरासमोर मांडून कळव म्हणतेस. कळवतो. पण त्याआधी एक गोष्ट उरकून टाकतो, नाहीतर सगळं पत्रभर ती माझ्या मानेवर बसून राहील. माझ्या हृदयाची एक झडप गंजली आहे आणि ती बदलायची असं इथले डॉक्टर म्हणतात. छाती उघडून. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला. मी 'नाही' म्हणायचं ठरवलंय, आणि तूही 'नाही'च म्हणावंस म्हणून हा सगळा कागदाचा खटाटोप. (फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला धाप लागते. आपण दोघं नुसतेच एकमेकांचे श्वास ऐकत बसलो असतो.) लहानपणापासून माझे निर्णय तूच घेत आलीस. हाही घे.

तर खर्च. ब्रेड, चीज, बीअर इथे स्वस्त. इतकी स्वस्त की पहिलं वर्षभर मला वाटायचं, यात काहीतरी काळंबेरं आहे. पेट्रोल मात्र तुमच्या दुप्पट, म्हणून गाडी विकली. हॉटेलात पाणी विकत घ्यावं लागतं आणि ते बीअरइतकंच महाग, शिवाय पेला संपला की कोणी पुन्हा भरून देत नाही. रिकामा पेला पुढे करून मी आशेनं बघत बसायचो, आणि तुझी भावजय गिझेला बिचारी लाजेनं टेबलाखाली जायची बाकी राहायची. आपल्या सवयीप्रमाणे वेटरला पाचवा हिस्सा टीप ठेवली तर तो रस्त्यापर्यंत धावत आला, आजोबा तुमचे पैसे विसरले म्हणून. बर्फाचे खडे मागितले तर दोन मिळतात, तेही औषधासारखे. एसी नाही. उलट ऐन जानेवारीत रोज सकाळी खिडक्या सताड उघडून घरातली ऊब, जिचे आपण पैसे भरलेले असतात, ती रस्त्यावर सोडून द्यायची रीत आहे. मी कुडकुडत विचारलं, हे कशासाठी? तर म्हणे, हवा ताजी राहते. रविवारी दुकानं बंद, गवत कापायचं नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, रिकामी बाटली डब्यात टाकली तर तिचा आवाज होतो म्हणून तीही सोमवारपर्यंत घरात ठेवायची. म्हणजे बघ, तिथे माणूस बिलाला घाबरतो आणि इथे शेजाऱ्याला. इथली भीती स्वस्त आहे, पण रोजची आहे.

आणि शेजारी म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या हेबर्लेबाई. गिझेला होती तोवर ती माझ्या आणि बाईंच्या मध्ये ढालीसारखी उभी असायची. ती गेल्यापासून मी उघडा पडलोय. या भागात एक चाल आहे. इमारतीतल्या प्रत्येक घराच्या वाट्याला आळीपाळीनं झाडूचा आठवडा येतो. ज्याचा आठवडा, त्याच्या दाराला एक लाकडी पाटी लटकते, आणि त्या माणसानं जिना, तळघर, फुटपाथ सगळं झाडून, पुसून, कठडासुद्धा लख्ख करायचा. मगच पाटी पुढच्या दारावर लावायची. अधलंमधलं काही चालत नाही. जिना आधीच स्वच्छ असेल तरी झाडायचा, आणि तो झाडताना चार लोकांना दिसलं पाहिजे. मी एकदा गुपचूप सकाळी सकाळी उरकलं होतं, तर बाई म्हणाल्या, "केलंत? मी तर नाही पाहिलं." झालं, पुन्हा झाडला.

गेल्या महिन्यात पाटी माझ्या दारावर होती. मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर झाडत होतो आणि छातीत अशी कळ आली ताई, की डोळ्यांपुढे काजवे. मी पायरीवर बसलो. दरदरून घाम. हेबर्लेबाई दारातच होत्या (त्या असतातच), त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन अँब्युलन्सला फोन लावला. तो ऐकला मात्र, आणि माझं धाबं दणाणलं. छातीतल्या कळेनं नव्हे हं, फोननं.

आता तू आपल्या घरची आहेस, तुला सांगायला नको. बाबा कोठाराच्या छपरावरून पडले तेव्हा मोडक्या पायानिशी पिकअपच्या मागे आडवे झाले होते, आणि वाटेत विव्हळत का होईना, पण पलीकडच्या पंपावर पेट्रोल दोन सेंटनं स्वस्त आहे तिथे थांबवा म्हणाले. तू वाणसामानाच्या दुकानात चक्कर येऊन पडलीस, शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय बोललीस? "अँब्युलन्स नको!" आणि सायरन ऐकू आल्यावर मागच्या दारानं रांगत गाडीपर्यंत गेलीस. अभिमानानं सांगतो, त्याच रक्ताचा मी. इथे माझा विमा आहे, गिझेलाच्या पुण्याईनं सगळं रीतसर आहे, हे डोक्याला माहीत होतं. पण पायांना कुठे माहीत होतं? खाली सायरन वाजला आणि पाय मला घेऊन मागच्या दारानं पळाले.

कोपऱ्यावर बस उभी होती. चढलो. हॉस्पिटल चार थांबे पुढे, म्हणजे स्वस्तात काम झालं, या आनंदात मी दांड्याला धरून उभा राहिलो. मग कळलं की तो बसचा दांडा नव्हे, माझ्या हातातला झाडू आहे. लोक आदबीनं बाजूला सरकले. इथे कोणी काही विचारत नाही, नुसतं बघतात. आणि तेवढ्यात साध्या कपड्यातले दोघं उठून उभे राहिले आणि म्हणाले, तिकिटं दाखवा.

माझी बोबडीच वळली. जर्मन तर साफ गेलं, ओहायोचं इंग्रजीही अर्धं गेलं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, हार्ट अटॅक. त्यांतला एक म्हणाला, "बरं. आणि तिकीट?" (रागानं नव्हे. अगदी समजूतदारपणे, प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी असावी तसा.) मी खिसे चाचपतोय, पाकीट घरी, आणि इतक्यात मागून अँब्युलन्सनं बसला गाठलं. ड्रायव्हरनं बस थांबवली. अँब्युलन्सच्या पुढच्या सीटवरून आधी कोण उतरावं? हेबर्लेबाई! मला ओळखून दाखवायला आल्या होत्या. बसच्या दारातून त्यांनी बोट रोखलं. "हेच ते! आणि जिना अर्धाच झालाय!"

स्ट्रेचरवर घेताना मी त्या गणवेशातल्या पोरीचे अक्षरशः हात धरले. म्हटलं, बाळ, मैलाला किती पडतात ते आधी सांग, परवडेना झालं तर मला पुढच्या कोपऱ्यावर उतरव, मी चालत जाईन. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही गप पडून राहा." तेवढ्यात तो तपासनीस अँब्युलन्सच्या दारात आला, विनातिकीट प्रवासाच्या साठ युरो दंडाची पावती माझ्या पोटावर ठेवली, आणि लवकर बरे व्हा म्हणाला. मनापासून म्हणाला, हे मला मान्य केलं पाहिजे.

हॉस्पिटलात मी ज्याला त्याला विचारत सुटलो, की याचे किती होतील. डॉक्टरीणबाई ओझदेमिर म्हणून, तरुण, गोड बोलणारी. तिला विचारलं तर ती म्हणाली मला कल्पना नाही. नर्सला विचारलं, तिला नाही. तपासायला नेणाऱ्याला विचारलं, तो हसला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ज्या दुकानात किंमत कोणीच सांगत नाही, तिथून आपण चड्डीनिशी बाहेर पडत नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. शेवटी ओझदेमिरबाई स्वतः चौकशी करून आल्या आणि म्हणाल्या, दिवसाला दहा युरो. अँब्युलन्सचे वेगळे दहा. मी विचारलं, दिवसाला की मिनिटाला? शेजारच्या खाटेवर फ्लायडररआजोबा होते, ते उठून बसले आणि ओरडले, "दहा युरो! उघड उघड लुबाडतात हो हे लोक!" मला असं हसू फुटलं की माझ्या छातीला लावलेलं यंत्र किंचाळायला लागलं आणि तिघीजणी धावत आल्या. म्हणजे ताई, हिशेब असा झाला, की माझ्या सगळ्या दुखण्यात महाग पडलं ते बसचं तिकीट. हे तुझ्या तुलनेत ठळक लिही.

मग दुसऱ्या दिवशी ओझदेमिरबाई खुर्ची ओढून माझ्यापाशी बसल्या आणि त्यांनी झडपेचं सांगितलं. आणि इथे, ताई, मी खरा फसलो. त्या बोलत होत्या आणि मी आपला सवयीनं पैशाची भीती शोधत होतो. म्हणजे कसं, अशा वेळी आपल्याकडे माणूस लगेच मनात मांडायला बसतो, की घर गहाण टाकावं लागेल, गाडी जाईल, आपल्या शेजारच्या जॉर्जसारखं जन्मभर हॉस्पिटलचे हप्ते फेडावे लागतील. तेवढं मांडेपर्यंत आठवडा जातो, आणि आपल्याला काय झालंय हे विसरायलाच होतं. मी शोधतोय, शोधतोय, आणि ती भीती जागेवर नाहीच. तिच्या जागी नुसती ती झडप. छाती उघडतील, हृदय थांबवतील, आणि ते पुन्हा सुरू होईल असं म्हणतात. ओहायोत बिलाची भीती एवढी अंगापिंडानं मोठी असते, की तिच्यामागे उभी असलेली मरणाची भीती आपल्याला कधी दिसतच नाही. इथे यांनी समोरचीला उचलून नेलं, आणि मी अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मागच्या बाईकडे तोंड करून बसलोय.

म्हणून म्हणतो, घर विकू नकोस. इथे येऊ नकोस. तुमच्याकडे पैशाची का होईना, पण ओळखीची भीती आहे. आणि ऑपरेशनला 'नाही' म्हण. घरी सोडलंय मला तूर्त, गोळ्या घेतोय, दोन पायऱ्या चढलो की थांबतोय. असंच जमेल तितकं जमवतो.

हेबर्लेबाई रोज वाटीभर सूप आणून देतात आणि मी ते संपवेपर्यंत हाताची घडी घालून उभ्या राहतात. उरलेला जिना त्यांनी झाडला असेल असं तुला वाटेल. छे! पाटी अजून माझ्याच दारावर आहे. आठवडा तुमचा आहे, तुम्ही बरे झालात की पुरा करा म्हणाल्या, आणि बाकीची घरं महिनाभर खोळंबली आहेत. सगळी इमारत आता माझ्या झडपेची वाट बघतेय.

गुडघ्याला शेक दे. तुझ्या लेकीला, पेग्गीला, आणि तिच्या मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
डेल्बर्ट

ता. क. १ : पत्र पाकिटात घालता घालता हेबर्लेबाई सूप घेऊन आल्या आणि बारा तारखेचं काय ठरलं म्हणून विचारलं. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी नुसतं बघितलं. मी 'हो' म्हणालो. त्यांनी तिथूनच माझ्यादेखत हॉस्पिटलला फोन करून कळवलंसुद्धा. तेव्हा वरचं 'नाही' तू आता म्हणू नकोस, उगाच माझी पंचाईत होईल.

ता. क. २ : ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलात जायचं आहे. घरचं कोणी सोबत आहे का असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बहीण येतेय. तुला न विचारता म्हणालो.

ता. क. ३ : येऊ नकोस म्हणून वर लिहिलंय ते खोडायला गेलो, पण शाई पसरेल म्हणून तसंच ठेवलं. ताई, मला फार भीती वाटते गं. हृदय थांबवतील तेव्हा खोलीबाहेर माझं माणूस कोणी बसलेलं नसेल, याची सगळ्यात जास्त. ये. चौकशी केली, तिकडून एकेरी तिकीट जास्त महाग पडतं आणि जाऊन-येऊनचं स्वस्त, तेव्हा तेच काढ. परतीचं आपण वाया घालवू.